जामीन कोण राहिलं? : काचीगुड्याचं रेल्वे संग्रहालय आणि आपली मनमाड लाइन

विषयाची पाटी वाचून दोघातिघांनी मला दारातच विचारलं की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, रेल्वेवर काय बोलणार? खरं आहे. इंजिनातलं मला काही कळत नाही. पण एका शब्दावर तासभर बोलायची सवय चाळीस वर्षांच्या नोकरीने लावलेली आहे, आणि आज मला एका शब्दावरच बोलायचंय. तो शब्द मला हैदराबादेत काचीगुडा स्टेशनाच्या आवारातल्या छोट्या रेल्वे संग्रहालयात भेटला. म्हणजे ठाऊक होता आधीपासून, पण तिथे तो अडला.

आधी एक प्रश्न मिटवू. जालन्याच्या माणसाने आपल्या रेल्वेचा इतिहास बघायला हैदराबादला का जावं? मुंबईला का नाही? मुंबईतही रेल्वेचं वारसा दालन आहे, बोरीबंदरच्या त्या भव्य इमारतीतच आहे. पण तिथली गोष्ट १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी सुरू होते. ती आपली गोष्ट नव्हे. आपण त्या काळी दुसऱ्या राज्यात होतो. माझ्या आजोबांच्या तोंडी राजधानी म्हणजे हैदराबाद. जमिनीचे कागद उर्दूत, मोठा दावा हैदराबादेत, आणि घरात कुणी ‘वर गेलाय’ असं म्हटलं तर तो देवाघरी नाही, हैदराबादला गेलाय असं समजायचं. (हशा) १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपली राजधानी बदलली. माणसांची राजधानी एका तारखेला बदलता येते. रुळांची तशी बदलत नाही. आपले रूळ आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेकडेच आहेत, नांदेड विभागामार्फत.

तर काचीगुडा. १९१६ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात हे स्टेशन बांधलं गेलं. घुमट, मिनार, कमानी. लांबून पाहिलं तर स्टेशन वाटत नाही, एखाद्या नवाबाची हवेली वाटते. निजामाच्या रेल्वेचा कारभार इथून चालायचा. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे आपली ती मीटरगेजची छोटी गाडी इथे पोचायची. माझ्या वयाच्या लोकांना मनमाड–काचीगुडा हे शब्द जोडूनच आठवतील.

संग्रहालय लहान आहे. जुनी छायाचित्रं, माहितीचे फलक, रेल्वेच्या वापरातल्या जुन्या वस्तू. गाडीला वेळ असला की लोक आत येतात, फोटो काढतात, घोषणा झाली की जातात. मला हे आवडलं. मोठ्या संग्रहालयात माणूस दमतो आणि दमल्यावर वाचत नाही. लहान ठिकाणी फलक वाचले जातात. मी सगळे वाचले, कारण माझी गाडी उशिरा होती.

त्या फलकांवर, आणि त्या काळच्या कागदांवर सगळीकडे, चार अक्षरं येतात : एन. जी. एस. आर. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. आता यातला निजाम कळतो, स्टेट कळतं, रेल्वे तर कळतेच. पण हे ‘गॅरंटीड’ काय आहे? गाडी वेळेवर येईल याची गॅरंटी? ती तर आजही कुणी देत नाही. माल सुखरूप पोचेल याची? तीही नाही. आणि गंमत बघा, हा शब्द या रेल्वेच्या नावात सुरुवातीला नव्हता आणि शेवटीही नव्हता. वाडी ते हैदराबाद हा पहिला मार्ग १८७४ साली सुरू झाला तेव्हा नाव होतं निजाम्स स्टेट रेल्वे. १८८५ साली हा मार्ग लंडनच्या एका कंपनीच्या हाती गेला, तेव्हा मध्ये ‘गॅरंटीड’ शिरलं. १ एप्रिल १९३० ला निजाम सरकारने ती रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि ‘गॅरंटीड’ गळून पडलं. पंचेचाळीस वर्षं हा शब्द राहिला आणि गेला. आपली मनमाड लाइन नेमकी याच पंचेचाळीस वर्षांत जन्मली. म्हणून त्याचा अर्थ आपल्याला कळायला हवा.

मी तो आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे सोसायटीचं कर्ज कुणाला ठाऊक नाही? कर्ज घेणारा एक, देणारी सोसायटी दुसरी, आणि तिसरा असतो जामीनदार. तो सही करतो, चहा पितो आणि घरी जातो. कर्ज फिटलं तर त्याला कुणी विचारत नाही. थकलं की पहिली नोटीस त्याच्या दारात. या रेल्वेत कंपनी होती कर्ज घेणारी. लंडनमध्ये भाग विकत घेणारे, तिथले पेन्शनर, विधवा, बँका, हे पैसा देणारे. त्यांना सांगितलं गेलं की रेल्वे चालो न चालो, माल मिळो न मिळो, वीस वर्षं तुम्हाला वर्षाला ५ टक्के मिळतील. रेल्वेच्या कमाईतून तेवढे निघाले नाहीत तर उरलेले निजामाचा खजिना भरेल. ही गॅरंटी. आणि निजामाचा खजिना म्हणजे काय? अंबड, परतूर, भोकरदनच्या रयतेने भरलेला शेतसारा. म्हणजे जामीनदार कोण झाला? ज्याला सहीलाही बोलावलेलं नव्हतं, तो.

ही युक्ती निजामाची नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ सालीच जी.आय.पी. आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे कंपन्यांशी असे करार केले होते, ५ टक्क्यांचेच. त्याचा परिणाम काय झाला हे कुणा राष्ट्रवाद्याने नव्हे, तर हिंदुस्थान सरकारचा अर्थकारभार पाहिलेल्या विल्यम मॅसी या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितलं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की व्याजाची खात्री असल्यावर भांडवलवाल्याला आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय आणि विटा-चुन्यात घातला काय, फरक पडत नव्हता. आपल्याकडे पुण्यात सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी याच व्यवहाराची आकडे मांडून चिरफाड केली. हे सगळं उघड झालेलं होतं. तरी तेच हैदराबादेत पुन्हा झालं.

यात आणखी एक मेख होती. व्याज पौंडात द्यायचं होतं. १८७० च्या सुमाराला एक रुपया म्हणजे जवळपास दोन शिलिंग होते, म्हणजे एका पौंडाला दहा रुपये. मग जगभर चांदी घसरली आणि आपला रुपया चांदीचा. १८९० च्या दशकाच्या मध्यावर रुपया एक शिलिंग दोन पेन्सच्याही खाली गेला. गणित करा : त्याच एका पौंडाला सतरा रुपयांच्या वर. करारातली टक्केवारी पाचच, पौंड तेवढेच, पण देणाऱ्याचं ओझं दीडपटीहून जास्त झालं. आणि हे झाले इंग्रजी रुपये, ज्याला आपले म्हातारे ‘कलदार’ म्हणायचे. निजामाच्या राज्यात रयत सारा भरायची हाली शिक्क्यात, आणि हाली रुपया कलदारापेक्षा हलका. पुढे त्याचा दर स्थिरावला तेव्हा ६ कलदार म्हणजे ७ हाली असा हिशेब असे. इथे बसलेल्यांपैकी ज्येष्ठांनी घरात ‘हाली की कलदार?’ हा प्रश्न ऐकला असेल. तो प्रश्न बाजारातला होता, पण त्याचं एक टोक लंडनच्या शेअरबाजारात होतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान घेतलं, तिच्याकडे येतो. १८८३ साल.

या एका वर्षात काय काय झालं ते नीट बघा. ८ फेब्रुवारीला सालारजंग वारले. पहिले सालारजंग, तीस वर्षं संस्थानाचे दिवाण, मोठा करडा आणि हुशार माणूस. गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान, पण ते अजून अज्ञान होते, वय सतराच्या आत. म्हणजे राजा लहान, दिवाण मेलेला, आणि कारभार रीजन्सीच्या मंडळाकडे. नेमक्या या वर्षी रेल्वेच्या कराराची बोलणी पुढे सरकली. हैदराबादहून चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, रेल्वे वाढवायची, आणि आहे तो मार्गही कंपनीला द्यायचा, असा बेत होता. ‘चांदा रेल्वे योजना’ या नावाने इतिहासात तो ओळखला जातो.

त्या वेळी हैदराबादेत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय नावाचे एक बंगाली प्राध्यापक होते. एडिंबरा विद्यापीठाचे डी.एस्सी., रसायनशास्त्राचे. पुढे ज्याला निजाम कॉलेज म्हणतात त्याच्या पायाभरणीत त्यांचा हात. सरोजिनी नायडूंचे वडील म्हणून तुम्ही त्यांना ओळखाल. सरोजिनीबाई तेव्हा चार वर्षांच्या होत्या. अघोरनाथ, मुल्ला अब्दुल कय्यूम आणि आणखी काही मंडळी एकत्र आली. त्यांची मागणी काय होती? रेल्वे नको, अशी नव्हती. निजाम हटवा, इंग्रज हटवा, अशीही नव्हती. मागणी एवढीच की या करारात काय लिहिलंय ते सही होण्याआधी लोकांपुढे ठेवा. लोकांना वाचू द्या, बोलू द्या, मग ठरवा.

संस्थानात सार्वजनिक प्रश्नावर नागरिकांनी एकत्र येऊन सरकारला जाब विचारण्याचा हा पहिल्या प्रसंगांपैकी एक. आणि त्याचं उत्तर काय मिळालं? अघोरनाथांना नोकरीतून निलंबित केलं आणि २० मे १८८३ ला संस्थानातून हद्दपार केलं. एका प्राध्यापकाला, ‘कागद दाखवा’ म्हणाल्याबद्दल! पुढे त्यांना परत बोलावलं गेलं, ते हैदराबादेत राहिले, शिकवत राहिले, हा भाग वेगळा. करार व्हायचा तो त्या वर्षअखेरीला, डिसेंबरात झालाच. आणि ५ फेब्रुवारी १८८४ ला व्हाइसरॉय रिपन यांनी स्वतः हैदराबादला येऊन तरुण निजामाला राज्याधिकार दिले. तारखा जोडून वाचा. ज्याच्या नावाने गॅरंटी दिली त्याच्या हाती राज्याची सूत्रं आली ती सही झाल्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. एवढी घाई कशाची होती, असं मी विद्यार्थ्यांना विचारायचो. ते हसायचे. उत्तर सगळ्यांना कळत होतं.

(मध्येच एका श्रोत्याने विचारले : या व्यवहारात भ्रष्टाचार होता का?) थेट बोलायचं तर या रेल्वेच्या वाटाघाटींत जे अब्दुल हक नावाचे अधिकारी, सरदार दिलेर जंग, पुढे होते, तेच खाणींच्या सवलतीच्या व्यवहारातही होते. आणि त्या खाणींच्या व्यवहाराची १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. आज ज्याला सिंगरेणीच्या कोळसा खाणी म्हणतात, त्यांचं मूळ त्या सवलतीत आहे. बाकी तुम्ही सुज्ञ आहात. पण मला भ्रष्टाचारापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. समजा सगळे अधिकारी धुतल्या तांदळासारखे असते, तरी अघोरनाथांचा प्रश्न उरलाच असता. जामीनदाराला न विचारता त्याला जामीन ठेवता येतं का? हा पैसे खाण्याचा प्रश्नच नव्हे. हा संमतीचा प्रश्न आहे.

बरं, आता आपल्या लाइनीकडे. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद, सिकंदराबाद. सुमारे ३९० मैल, सगळी मीटरगेज. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हे तिचं जन्मनाव. याच कंपनीने ती बांधली आणि १९०० च्या आगेमागे ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर या आपल्या जिल्ह्यातल्या गावांच्या नावाचे फलक तेव्हा पहिल्यांदा लागले. आणि तो काळ कोणता? १८९९–१९०० चा दुष्काळ, छप्पनचा दुष्काळ म्हणून जो अजून म्हातारी माणसं सांगतात तो. संवत १९५६ म्हणून छप्पन. रेल्वेने दुष्काळात धान्य आणलं हे खरं, आणि जिथे भाव चढा तिथे धान्य नेलं हेही खरं. यावर अभ्यासकांत वाद आहे, मी त्यात आज शिरत नाही.

मीटरगेज का? स्वस्त पडते म्हणून. रुळांतलं अंतर एक मीटर, जी.आय.पी.चं साडेपाच फूट. त्यामुळे आपली गाडी मनमाडला पोचली की तिथे थांबायची, पुढे जाऊच शकत नव्हती. जालन्याची कापसाची गाठ छोट्या वाघिणीतून उतरायची, हमालाच्या पाठीवरून फलाट ओलांडायची, आणि मोठ्या वाघिणीत चढून मुंबईच्या गोदीकडे निघायची. नव्वद वर्षांहून जास्त काळ प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं, असं दोनदा चढलं आणि दोनदा उतरलं. बांधणाऱ्याची बचत एकदाची झाली, वापरणाऱ्याचा खर्च तीन पिढ्या चालला.

तरी मी असं म्हणणार नाही की या रेल्वेने आपलं फक्त नुकसान केलं. तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. गाव आधीपासून पेठेचं होतं, छावणीचं होतं. पण कापसाचे जिन, प्रेस, सरकीचा व्यापार, मारवाडी-गुजराती पेढ्या यांचा विस्तार आगगाडीमुळे झाला. पुढे बियाणं आलं, लोखंड आलं, तेही या रुळांच्या कडेनेच. पाळण्याची दोरी रेल्वेने ओढली हे कबूल करायला हवं. पण त्याच वेळी मंठा, परतूर, घनसावंगीकडचे तांडे आठवा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरणारे लमाण शतकानुशतकं या देशाची मालवाहतूक करत होते. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. लंडनच्या भागधारकाला ५ टक्क्यांची हमी होती. लमाणाच्या बैलाला कुणाची हमी होती?

इथे एक आडवळण घेतो, कारण ते मला फार आवडतं. रेल्वेचा फलाट कुणाच्या राज्यात असतो? हसू नका, यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत खटला गेला होता. निजामाच्या हद्दीतल्या रेल्वेच्या जमिनीवरचा काही अधिकार इंग्रज सरकारकडे दिलेला होता. त्याच्या जोरावर हैदराबादजवळच्या शंकरपल्ली स्टेशनावर मुहम्मद यूसुफुद्दीन नावाच्या माणसाला इंग्रजी हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावर पकडलं. १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की ही अटक बेकायदा आहे. दिलेला अधिकार रेल्वेच्या कामापुरता आहे. स्टेशन निजामाच्याच राज्यात आहे. म्हणजे कोर्टाने काय केलं? करारात जेवढं लिहिलंय तेवढंच धरलं. लिहिलेल्या अटीला एवढी ताकद असते. आणि म्हणूनच ती अट वाचायला मागणाऱ्याला हद्दपार करावंसं वाटतं.

आता पुन्हा संग्रहालयात येऊ. कुठल्याही रेल्वे संग्रहालयात एक वस्तू हमखास भेटते : टोकन. ज्यांनी जुनी गाडी पाहिली त्यांना आठवत असेल. स्टेशनातला माणूस हातात मोठी रिंग धरून फलाटाच्या टोकाला उभा. तिला एक कातडी पाकीट. गाडी न थांबता जात असली तर ड्रायव्हरचा सोबती हात बाहेर काढून ती रिंग खांद्यात अडकवून घ्यायचा आणि आधीची रिंग फेकायचा. आम्ही पोरं ते बघायला जायचो. पाकिटात असायचं टोकन, बऱ्याच ठिकाणी पोलादी गोळा. लाइन एकेरी, दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हवी, नाहीतर समोरासमोर टक्कर. म्हणून दोन्ही स्टेशनांत विजेने एकमेकांना जोडलेली यंत्रं. पुढच्या स्टेशनाने संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून गोळा निघतच नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही, मग मागे खुद्द निजाम बसलेला असो.

बघा, हीसुद्धा गॅरंटीच. पुढचा मार्ग मोकळा आहे याची हमी. पण या हमीत तीन गोष्टी आहेत ज्या त्या दुसऱ्या हमीत नव्हत्या. एक तर ती डोळ्यांनी दिसते, हाताला लागते. दुसरं, समोरच्याची संमती घेतल्याशिवाय ती निघत नाही. आणि तिसरं, हमी खोटी निघाली तर पहिला जीव जातो तो ती हातात धरणाऱ्याचा. लंडनच्या करारात याच्या नेमकं उलट होतं. तो कपाटात होता, संमती विचारलेली नव्हती, आणि खोट आली तर भरणारा दोन समुद्र पलीकडे, परतूरच्या शिवारात औत हाकत होता. माझ्या विषयात ‘हमी’ या कल्पनेवर ग्रंथ आहेत. पण ही दोन हमींची गाठ मला कुठल्याही ग्रंथापेक्षा या रेल्वेच्या गोष्टीत स्वच्छ दिसली. एकाच रेल्वेने आपल्या ड्रायव्हरला एक नियम लावला आणि आपल्या भागधारकाला दुसरा.

हमीने धोका नाहीसा होत नाही. तो फक्त एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. वस्तुसंग्रहालयात वस्तू असतात. दिवा ठेवता येतो, घंटा ठेवता येते, टोकन ठेवता येतं. पण हे धोक्याचं सरकणं काचेच्या कपाटात कसं ठेवणार? हा संग्रहालयाचा दोष नव्हे. ते काम आपलं, म्हणजे फलक वाचणाऱ्यांचं. चार अक्षरांतल्या एका अक्षरापाशी थांबायचं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९३० ला रेल्वे निजाम सरकारची झाली, तोवर ती चांगली कमावती झाली होती. १९३२ साली त्याच खात्याने २७ बसगाड्या घेऊन मोटार वाहतूक सुरू केली, हे आपल्याकडच्या एस.टी.च्या आधीचं. ५ नोव्हेंबर १९५१ ला ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली. रुंदीकरणासाठी मराठवाड्याने किती वर्षं घसा कोरडा केला ते तुम्हाला मी सांगायला नको. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती मागणी लावून धरली, आणि १९९० च्या दशकात मीटरगेज उखडली गेली. त्यानंतर जालन्याची गाडी मनमाडला न थांबता मुंबईला जाऊ लागली. ३० डिसेंबर २०२३ ला तर जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली.

आणि आता जालना–जळगाव. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. १७४ किलोमीटर, खर्च सुमारे ७ हजार कोटी, त्यातला निम्मा वाटा राज्याचा. मार्ग अजिंठ्यावरून. मला विचाराल तर ही रेल्वे व्हावी. खानदेश आणि आपण इतके जवळ असून वळसा घालून जातो, ते संपेल. पण व्हावी असं म्हणणारानेच अघोरनाथांचा प्रश्न विचारायचा असतो, कारण अघोरनाथांनाही रेल्वे हवीच होती. जमीन कुणाची, मोबदला कधी आणि कुठल्या दराने? खर्च वाढला, आणि तो वाढतोच, तर वाढीव निम्मा कोण भरणार? भोकरदनकडच्या ज्या गावातून रूळ जाणार पण स्टेशन होणार नाही, त्या गावाला काय? हे कागद आज माहितीच्या अधिकारात मागता येतात आणि मागणाऱ्याला हद्दपार करत नाहीत. एवढा फरक १८८३ पासून पडलाय, तो लहान नाही. पण मागायला तर हवेत.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, असं संग्रहालय जालन्यात का होऊ नये?

उत्तर : व्हावं की. पण इंजिन आणून दारात उभं केलं म्हणजे संग्रहालय होत नाही. पोरं त्यावर चढतात आणि वर्षभरात ते गंजतं. मला विचाराल तर मी आधी बिल्ट्या गोळा करीन. कापसाच्या गाठी पाठवल्याच्या रेल्वेच्या पावत्या. जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर, जिनांच्या कचेऱ्यांत, वह्यांच्या गठ्ठ्यांत त्या अजून सापडतील. कुठून कुठे, किती मण, भाडं किती, हाली की कलदार, मनमाडची हमाली वेगळी लावली की नाही, हे सगळं त्यावरून कळेल. आपल्या माणसाने या रेल्वेसाठी प्रत्यक्षात काय मोजलं ते लंडनच्या कागदांत मिळणार नाही, इथेच मिळेल. तुमच्या घरी असतील तर रद्दीत घालू नका.

प्रश्न : मनमाडच्या हमालांच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्यात का?

उत्तर : मी वाचलेल्या नाहीत. ज्यांनी शेवटच्या मीटरगेजच्या गाठी उचलल्या ते आज साठीच्या पुढे असतील. मनमाड इथून काही तासांवर आहे. तुम्ही तरुण आहात, रेकॉर्डर खिशातल्या फोनमध्येच आहे. या रविवारी जा. मीही येतो, पण जिना चढायला मला वेळ लागतो, तेवढं सांभाळून घ्या.